हवेतून सूर काढणारा : लेव्ह तेरमेन
(द्वितीय वर्ष, कला)

माझे आजोबा सनई वाजवीत. आमच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले काम. गावातले एकही लग्न त्यांच्या सनईवाचून लागत नसे. पण ते स्वतः मात्र मांडवाच्या बाहेर, लोक चपला काढत त्या जागेजवळ, घोंगडी टाकून बसत. सूर मांडवात जात, माणूस बाहेर राही. लहानपणी मला ह्यात काही वावगे वाटले नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. येथे आल्यावर, चार पुस्तके वाचल्यावर मला प्रथम कळले की वाद्य हे नुसते करमणुकीचे साधन नसते. ते कोणी वाजवायचे, कोठे बसून वाजवायचे आणि कोणासाठी वाजवायचे हे ठरविणारी एक सत्ता असते. ती कधी गावाची असते, कधी देवळाची, कधी सरकारची.

इतिहासाच्या तासाला सरांनी रशियन राज्यक्रांती शिकविताना सहज एका वाद्याचा उल्लेख केला. हे वाद्य हात न लावता वाजते आणि ते खुद्द लेनिनने वाजवून पाहिले होते, असे ते म्हणाले. वर्ग हसला. मला मात्र ती गोष्ट स्वस्थ बसू देईना. हात न लावता वाजणारे वाद्य! ज्याच्या घराण्यात सनईला कोणाचा हात लागावा हेही ठरलेले होते, त्याला ह्या कल्पनेने भुरळ घातली तर नवल नाही. ग्रंथालयात शोध घेतला आणि एका विलक्षण माणसाचे चरित्र हाती आले. ते माझ्या मित्रांपुढे मांडावे म्हणून हा लेखप्रपंच.

ह्या माणसाचे नाव लेव्ह सर्गेयेविच तेरमेन. पाश्चात्त्य जगाने त्याचे लिऑन थेरेमिन केले आणि त्याचे वाद्यही थेरेमिन ह्याच नावाने प्रसिद्ध झाले. तेरमेन ह्यांचा जन्म १८९६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. घर सुखवस्तू होते, वडील वकील. पूर्वज फ्रान्समधून आलेले. मुलाला दोन गोष्टींची ओढ होती. एक वीज आणि दुसरे संगीत. चेलो हे व्हायोलिनच्या जातीचे मोठे वाद्य ते संगीतशाळेत शिकले आणि त्याच काळात विद्यापीठात पदार्थविज्ञान व खगोलशास्त्र ह्यांचा अभ्यास केला. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांना सैन्यात जावे लागले व तेथे ते बिनतारी यंत्रणेचे तंत्रज्ञ बनले. १९१७ साली राज्यक्रांती झाली. तेरमेन नव्या राजवटीच्या बाजूने राहिले आणि तिच्या रेडिओ केंद्रांवर काम करू लागले.

१९२० साली अब्राम योफे ह्या नामवंत शास्त्रज्ञाने त्यांना पेत्रोग्राड येथील आपल्या संस्थेत बोलावून घेतले. तेथे त्यांच्याकडे वायूंचे विद्युत्‌ गुणधर्म मोजण्याचे काम होते. यंत्राला त्यांनी कानाला लावायचे श्रवणयंत्र जोडले होते. काम करता करता त्यांच्या लक्षात आले की आपला हात यंत्राच्या जवळ गेला की शिट्टीसारखा आवाज चढतो आणि दूर नेला की उतरतो. दुसरा एखादा शास्त्रज्ञ असता तर त्याने हा यंत्रातील दोष मानून तो काढून टाकला असता. तेरमेन चेलोवादक होते. त्यांनी हात हवेत हलवून त्या शिट्टीतून एक चाल वाजविली. दोषातून वाद्य जन्माला आले.

हे वाद्य कसे चालते ते थोडक्यात सांगतो. पेटीमध्ये विजेची दोन आंदोलके असतात. दोन्हींची कंपने इतकी जलद की मानवी कानाला ती ऐकूच येत नाहीत. एकाची कंपनसंख्या कायम असते. दुसरे मात्र एका उभ्या धातूच्या दांडीला जोडलेले असते. माणसाचे शरीर विजेचे वाहक आहे. त्यामुळे हात दांडीजवळ आला की हात आणि दांडी मिळून एक धारित्र तयार होते व दुसऱ्या आंदोलकाची कंपनसंख्या किंचित बदलते. दोन कंपनसंख्यांमधील जो फरक, तोच आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. उजवा हात दांडीजवळ नेला की सूर चढतो. डाव्या बाजूला एक आडवे कडे असते; डावा हात त्याच्याजवळ नेला की आवाज लहान होतो, वर उचलला की मोठा. ना तार, ना पडदा, ना पट्टी. ज्यांनी आपले गाणे ऐकले आहे त्यांना ह्या वाद्याची गंमत लवकर कळेल. ह्यात एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी मारताच येत नाही, मधल्या साऱ्या जागेवरून घसरत जावे लागते. म्हणजे मींड हा ह्या वाद्याचा स्वभावच आहे. पियानोवर वाढलेल्या युरोपला जे भुताटकीसारखे वाटले, ते आपल्या कानाला सारंगीचे लांबचे नातेवाईक वाटेल.

आता तो काळ पाहिला पाहिजे. रशियात यादवी युद्ध चालू होते, दुष्काळ होता, कारखाने बंद होते. अशा स्थितीत लेनिनच्या सरकारने १९२० च्या डिसेंबरात साऱ्या देशाच्या विद्युतीकरणाची योजना मंजूर केली. दहा ते पंधरा वर्षांत ३० मोठी वीजकेंद्रे उभारायची होती. अंधाऱ्या खेड्यांना वीज म्हणजे केवळ दिवा नव्हे, नवे जग होय, हा विश्वास लोकांच्या मनात रुजवायचा होता. कलावंतांनाही ह्या विश्वासाने झपाटले होते. आर्सेनी आव्रामोव्ह ह्या संगीतकाराने १९२२ च्या नोव्हेंबरात बाकू शहरात कारखान्यांचे भोंगे, जहाजांच्या शिट्या आणि तोफा ह्यांची एक प्रचंड मैफल घडवून आणली. राजवाड्यातले संगीत बाजूला सारून कामगाराचे संगीत आणायचे, आणि त्यासाठी वाद्येही नवी हवीत, असा त्या पिढीचा विचार होता. तेरमेनचे वाद्य ह्या विचाराला नेमके जुळले. विजेचे गाणे ऐकलेला शेतकरी विजेला भिणार नव्हता.

१९२१ साली मॉस्को येथील विद्युत्‌तज्ज्ञांच्या परिषदेत तेरमेन ह्यांनी आपले वाद्य वाजवून दाखविले. ही वार्ता लेनिनपर्यंत गेली आणि मार्च १९२२ मध्ये तेरमेन ह्यांना क्रेमलिनमध्ये बोलावणे आले. त्यांनी काही रचना वाजविल्या. मग लेनिनने स्वतः उठून वाद्य वाजवून पाहिले. तेरमेन ह्यांनी प्रथम मागे उभे राहून त्यांचे हात धरले, पण थोड्याच वेळात ग्लिंकाच्या चंडोलावरील गीताची चाल लेनिन आपल्या हातांनी वाजवू लागले. ह्या भेटीनंतर तेरमेन ह्यांना देशभर रेल्वेने फिरण्याचा परवाना मिळाला आणि त्यांनी गावोगावी प्रयोग केले. ज्यांच्या घरात अजून रॉकेलचा दिवा होता, अशा लोकांपुढे एक तरुण हवेत हात हलवीत होता आणि पेटी गात होती. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मला ह्या वाद्यात सर्वांत मोठे वाटले ते एकच. ह्याला घराणे नव्हते. हे कोणाच्या बापजाद्यांचे नव्हते, कोणत्याही जातीला लावून दिलेले नव्हते, कोणत्याही दरबाराचे नव्हते. जगात प्रथमच असे एक वाद्य आले होते की त्याच्यापुढे उभा राहणारा प्रत्येक जण सारखाच नवशिका होता. समतेची घोषणा देणाऱ्या राजवटीला ह्याहून चांगले प्रतीक कोठे मिळाले असते?

पण प्रतीके ज्यांच्या हातात असतात त्यांच्या कामी येतात. सोव्हिएत सरकारने १९२७ साली तेरमेन ह्यांना परदेशी पाठविले. फ्रँकफर्टच्या प्रदर्शनापासून सुरुवात झाली. बर्लिन, पॅरिस, लंडन येथे गर्दी लोटली. त्याच वर्षाच्या अखेरीस ते न्यूयॉर्कला पोहोचले व पुढे तेथेच सुमारे अकरा वर्षे राहिले. मागासलेला म्हणून हिणवला जाणारा देश जगाला विजेचे संगीत ऐकवीत आहे, हा प्रचार तर होताच. पण त्यामागे आणखी एक काम होते. आपण सोव्हिएत गुप्तहेर खात्याला अमेरिकन उद्योगांची माहिती नियमाने पुरवीत होतो, असे तेरमेन ह्यांनीच पुढे म्हातारपणी सांगितले. म्हणजे रंगमंचावर उभा असलेला कलावंत आणि माहिती गोळा करणारा हेर एकाच कोटात वावरत होते.

अमेरिकेत ह्या वाद्याचे दुसरे रूप झाले. क्रांतीचे वाद्य बाजाराचे झाले. १९२८ साली त्याचे पेटंट मिळाले आणि १९२९ साली आर. सी. ए. ह्या मोठ्या रेडिओ कंपनीने ते तयार करून विकायला काढले. ज्याला गुणगुणता येते त्याला हे वाजविता येईल अशा थाटाची जाहिरात झाली. प्रत्यक्षात वाद्य फार अवघड होते. हवेत खूण नसते. बोट केसभर हलले तरी सूर बिघडतो. शिवाय लाउडस्पीकरसकट त्याची किंमत दोनशे डॉलरांच्या वर जात होती आणि त्याच वर्षी शेअरबाजार कोसळून मंदी सुरू झाली. सुमारे ५०० वाद्ये तयार झाली व काम थांबले. कोणालाही, काहीही न शिकता वाजविता येईल हे आश्वासन तेथेही खोटे ठरले. समतेचा अर्थ मेहनत नको असा होत नाही, मेहनत करण्याची मुभा सर्वांना असावी असा होतो, हे मला येथे पटले.

ही मेहनत केली क्लारा रॉकमोर ह्या स्त्रीने. त्या मूळच्या व्हिल्ना शहरातील, लहानपणापासून असामान्य व्हायोलिनवादक. बालपणीच्या उपासमारीचा परिणाम म्हणून त्यांच्या हाडांना दुखणे जडले व व्हायोलिन सुटले. ज्या हाताला गज पेलवेना त्या हाताने त्यांनी हवेत बोटे ठेवण्याची एक पद्धत बसविली आणि थेरेमिनला मैफलीचे वाद्य बनविले. तेरमेन ह्यांनीही त्यांच्या सूचनेवरून वाद्यात सुधारणा केल्या. त्यांनी क्लाराला लग्नाची मागणीही घातली होती. तिने दुसऱ्याशी विवाह केला.

न्यूयॉर्कच्या त्या कार्यशाळेत आणखी वाद्ये घडत होती. हेन्री कॉवेल ह्या संगीतकारासाठी तेरमेन ह्यांनी १९३१ साली ऱ्हिदमिकॉन हे तालयंत्र तयार केले. एकाच कालावधीत एक, दोन, तीन, चार असे सोळापर्यंत आघात ते एकत्र वाजवू शके. आपल्याकडच्या तबलजींना ह्या लयकारीचे कौतुक वाटेल. दुसरे यंत्र म्हणजे टर्प्सिटोन. तो एक मंच होता. त्याच्यावर नर्तकी नाचली की तिच्या अंगाच्या हालचालीतूनच सूर निघत. म्हणजे माणूस स्वतःच वाद्य झाला.

ह्याच नृत्याच्या नादातून लव्हिनिया विल्यम्स त्यांच्या जीवनात आल्या. त्या अमेरिकन निग्रो बॅलेमधील कृष्णवर्णीय नर्तकी. १९३८ साली दोघांनी विवाह केला. त्या काळी अमेरिकेच्या अनेक राज्यांत गोऱ्या आणि काळ्यांच्या विवाहाला कायद्यानेच बंदी होती. न्यूयॉर्कमध्ये कायदा आड येत नव्हता, पण समाज आला. ज्या श्रीमंत घरांनी तेरमेन ह्यांना डोक्यावर घेतले होते त्यांतील कित्येकांची दारे बंद झाली. वाद्याला दिवाणखान्यात जागा होती. वाद्यकाराच्या पत्नीला नव्हती. हे वाचताना मला आजोबांची घोंगडी आठवली. देश दुसरा, भाषा दुसरी, पण उंबरठा तोच.

कर्ज डोक्यावर होते. युद्धाचे ढग जमत होते. सप्टेंबर १९३८ मध्ये तेरमेन अमेरिका सोडून एका सोव्हिएत मालवाहू जहाजाने निघून गेले. त्यांना पकडून नेले अशी त्यांच्या पत्नीची समजूत होती. पुढच्या अभ्यासकांनी मात्र ते आपल्या मर्जीने गेल्याचे दाखविले आहे. पत्नी मागाहून येईल अशी त्यांची अपेक्षा होती. ती कधीच आली नाही, तिला येऊ दिले गेले नाही. ती दोघे पुन्हा भेटली नाहीत. लव्हिनिया पुढे हैतीमध्ये गेल्या, तेथे त्यांनी नृत्य शिकविले आणि १९८९ साली त्यांचे निधन झाले.

तेरमेन ज्या रशियात परतले तो लेनिनचा रशिया नव्हता. स्टालिनच्या राजवटीत परदेशातून आलेला प्रत्येक जण संशयित होता. मार्च १९३९ मध्ये त्यांना अटक झाली व खोट्या आरोपांवरून आठ वर्षांची शिक्षा झाली. त्यांना अतिपूर्वेकडील कोलिमाच्या छावणीत पाठविले. ज्या हातांनी हवेतून सूर काढले त्या हातांत दगड वाहायची ढकलगाडी आली. पुढे सरकारला त्यांच्या बुद्धीची गरज लागली म्हणून त्यांना शास्त्रज्ञांसाठी असलेल्या तुरुंगातील प्रयोगशाळेत आणले. तेथे विमानांचा संशोधक तुपोलेव्ह होता आणि पुढे अवकाशयानांचा शिल्पकार ठरलेला कोरोल्योव्हही होता. सगळे कैदी.

आता ह्या चरित्रातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग येतो. ४ ऑगस्ट १९४५ रोजी सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला मैत्रीची भेट म्हणून लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा दिली. राजदूताने ती मॉस्कोतील आपल्या निवासस्थानी भिंतीवर लावली. तिच्या आत तेरमेन ह्यांनी तयार केलेले एक यंत्र होते. त्याला बॅटरी नव्हती, विजेची तार नव्हती. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की ते जागे होई आणि खोलीतील बोलणे बाहेर जाई. सुमारे सात वर्षे कोणाला पत्ता लागला नाही. १९५२ साली ते सापडले. यंत्राचे तत्त्व पाहिले तर मन चरकते. आत एक पातळ पडदा होता. बोलण्याने तो कंप पावे, त्याचे व जवळच्या धातूच्या दांड्याचे अंतर बदले, आणि त्याबरोबर धारिता बदले. थेरेमिनमध्ये हात दांडीजवळ आला की जे घडते, तेच येथे माणसाच्या आवाजाने घडत होते. एकाच ज्ञानाने एकदा माणसाला गायला लावले आणि एकदा त्याचे चोरून ऐकले.

हेरगिरीच्या यंत्रांबद्दल १९४७ साली त्यांना स्टालिन पारितोषिक मिळाले. ज्या सरकारने कैद केले त्याच सरकारने गुप्तपणे गौरव केला! त्याच वर्षी सुटका झाली. त्यांनी पुन्हा विवाह केला, दोन मुली झाल्या. पण काम गुप्तच राहिले. बाहेरच्या जगाला तेरमेन कधीच मरण पावले असे वाटत होते.

साठीच्या दशकात ते मॉस्कोच्या संगीत महाविद्यालयातील ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आले व पुन्हा वाद्ये बनवू लागले. १९६७ साली एका अमेरिकन संगीतसमीक्षकाची तेथे त्यांच्याशी गाठ पडली. तेरमेन जिवंत आहेत ही बातमी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात छापून आली. तिचा परिणाम उलटाच झाला. संस्थाचालक बिथरले, तेरमेन ह्यांना काढून टाकले आणि त्यांची वाद्ये मोडून टाकली. एकेकाळी विजेचे संगीत हे नव्या राज्याचे अभिमानचिन्ह होते. आता त्याच राज्यात ते नकोसे झाले होते. पुढे ह्या माणसाने मॉस्को विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात साध्या यंत्रकारागिराची नोकरी केली.

दरम्यान अमेरिकेत रॉबर्ट मूग नावाच्या तरुणाने १९५४ पासून थेरेमिन तयार करून विकण्यास सुरुवात केली होती. त्याच अनुभवातून त्याने १९६४ साली सिंथेसायझर बनविला आणि साऱ्या जगाच्या संगीताचे रूप बदलले. तेरमेन ह्यांना मात्र थेट १९८९ मध्ये फ्रान्सला जाण्याची परवानगी मिळाली. १९९१ साली ते अमेरिकेत गेले व अर्धशतकानंतर क्लारा रॉकमोर ह्यांना भेटले. त्याच वर्षी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व घेतले. पुढे काही महिन्यांतच सोव्हिएत संघ विसर्जित झाला. ३ नोव्हेंबर १९९३ रोजी मॉस्को येथे त्यांचे निधन झाले.

ज्या राजवटीने तुरुंगात टाकले तिच्याच पक्षात त्यांनी अखेरीस का प्रवेश केला असेल? ह्यावर मी पुष्कळ विचार केला. काही मित्रांना हा भोळेपणा वाटला, काहींना लाचारी. मला वाटते, त्यांच्या मनात १९२२ सालची ती खोली कायम राहिली असावी. तेथे एका देशाचा प्रमुख नवशिक्याप्रमाणे हवेत हात हलवीत होता. त्या स्वप्नाशी त्यांनी प्रामाणिकपणा ठेवला. स्वप्न मोडणाऱ्यांशी नव्हे. पण ते चोरून ऐकणारे यंत्रही त्यांच्याच हातचे होते, हेही विसरून चालणार नाही. कैद्याला नकार देता येतो का, हा प्रश्न मी माझ्या वाचकांवर सोपवितो. मला त्याचे उत्तर सापडलेले नाही.

आमच्या घरी आता सनई वाजत नाही. माझा काका बँडमध्ये कीबोर्ड वाजवितो. तेरमेनपासून मूगपर्यंत आणि मूगपासून येथवर आलेली तीच वीज आहे ती. वरातीत त्याची गाडी सर्वांत पुढे असते आणि त्याच्या एका बोटावर सारे गाव नाचते. कीबोर्डला कोणी जात विचारीत नाही. आजोबांना हे पाहून आनंद होतो. परवाच्या लग्नात मी काकाबरोबर गेलो होतो. वाजवून झाल्यावर त्याला मांडवात बोलावले. मला बरे वाटले. पंगत मात्र बँडवाल्यांची शेवटी आणि वेगळी बसली. काका निमूटपणे जेवला. मी हात धुवायला उठलो तेव्हा गाडीवरचा कीबोर्ड कोणीतरी लहान पोरगा चोरून वाजवून पाहत होता. तो कोणाचा होता हे मी विचारले नाही.